तो कुठे उभा आहे?

जून महिन्यातली संध्याकाळ. साडेसात वाजून गेले तरी शिकागोलगतच्या स्कोकीत ऊन हटलं नव्हतं. आई सोफ्यावर मांडी घालून गवार निवडत बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्राऐवजी कुठल्याशा पिझ्झावाल्याचं जाहिरातीचं भेंडोळं पसरलेलं, कारण आमच्याकडे वर्तमानपत्र येत नाही, आणि याचं तिला दर उन्हाळ्यात नव्याने वाईट वाटतं. मुलगा टीव्ही चालूच ठेवून, फक्त आवाज बंद करून, वर निघून गेला होता. पडद्यावर आमच्या शिकागोच्या संघाचा बेसबॉलचा सामना. संघाचं नाव कब्ज. हिंदी येणाऱ्या आईला हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आवरेना. तेव्हापासून ती त्यांना ‘तुमचे ते निळे’ म्हणते. तर आई चष्म्याच्या वरून निळ्यांकडे बघायची, एक शेंग मोडायची, शीर ओढायची, परत बघायची. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्याशी उभी. तेवढ्यात तिने विचारलं, “अगं, हे आपल्याला दाखवतोय तो कुठे उभा आहे?”

“कोण?”

“हाच, दाखवणारा. त्या बॉल टाकणाऱ्याच्या पाठीला चिकटून उभा आहे की काय? लागेल ना त्याला.”

“कॅमेरा असतो गं आई तिथे,” मी म्हटलं आणि तिसरी शिट्टी झाली म्हणून गॅस बारीक केला. बोलून झालं आणि मग लक्षात आलं, की हे काही उत्तर झालं नाही. तिथे म्हणजे कुठे? पडद्यावर पिचर पाठमोरा, इतका जवळ की सदऱ्यावरचं नाव वाचता येतंय. त्याच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, बॅट खांद्यावर घेतलेला बॅटर, उकिडवा बसलेला कॅचर आणि त्याच्या डोक्यावरून डोकावणारा पंच. म्हणजे बघणारा दुसऱ्या बेसच्या आसपास, मैदानाच्या मधोमध उभा असला पाहिजे. पण तिथे तर कोणी उभं नसतं. चौदा वर्षं मी हे दृश्य बघते आहे. मुलाबरोबर बघितलं, दंतवैद्याच्या खोलीत बघितलं, विमानतळावर बघितलं. बेसबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे हीच चौकट येते. आणि बघणारा कुठे उभा आहे हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

मुलगा जेवायला खाली आला तेव्हा त्याला विचारलं. “सेंटर फील्ड,” तो म्हणाला, “एव्हरीबडी नोज, मम्मा.” आणि आजीला त्याच्या मराठीत समजावलं, “आजी, तो खूप मागे आहे. एकदम भिंतीच्या मागे.” आईने पोळी तोडता तोडता त्याच्याकडे असं बघितलं, की पोरगा थापा मारतोय.

पण पोरगा खरं बोलत होता. कब्जच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथून, मधली भिंत ४०० फूट लांब आहे, आणि कॅमेरा त्याही पलीकडे, थोडा डाव्या हाताला सरकून बसवलेला, म्हणजे पिचरच्या पाठीआड बॅटर झाकला जात नाही. पिचर आणि बॅटर यांच्यात ६० फूट ६ इंच अंतर असतं. आमच्या डोंबिवलीच्या चाळीची अख्खी गॅलरी एवढी असेल. पण इतक्या लांबून बघितल्यावर दोघं बघणाऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर पडतात, म्हणून जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात, आणि सारखे दिसतात म्हणून एकमेकांच्या शेजारी उभे आहेत असं वाटतं. लांबची लेन्स अंतराच्या निऱ्या घालते. साठ फूट कापड चार बोटांत खोचलेलं. आईला मी हे असंच सांगितलं. ती म्हणाली, “मग चेंडू एवढ्या जोरात येतो तो त्याला दिसतो तरी कसा?” त्याचं उत्तर मात्र साठ फुटांतही कोणाला नीट देता येत नाही.

आईचा हा प्रश्न मला नवा नव्हता. हे त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

डोंबिवलीला खालच्या मजल्यावर टीव्ही होता, लाकडी दारं सरकवायचा, कुलूप असलेला. कसोटीच्या दिवशी त्यांच्या खोलीत चपलांचा खच. मी सात-आठ वर्षांची, कोणाच्या तरी गुडघ्याला टेकून बसलेली. तेव्हा दूरदर्शनचा मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असायचा. एका षटकात गोलंदाजाच्या खांद्यावरून पलीकडे गावसकर समोर दिसायचा. त्याची ती टोपी, तो डावा पाय पुढे टाकणं. षटक संपलं, बाजू बदलली, की पुढची सहा चेंडूभर विकेटकीपरचा पार्श्वभाग आणि बॅट्समनची पाठ. गोलंदाज पलीकडून मुंगीएवढा धावत येणार, चेंडू वळला की नाही हे देवाला ठाऊक. आई दारातच उभी राहून बघायची, हात पदराला पुसत, कारण आत बसलं की काम राहतं. तिने तेव्हाही विचारलं होतं, “एकदा तोंड आणि एकदा पाठ, असं का करतात?” बाबा म्हणाले होते, “अगं, कॅमेरा एकाच बाजूला आहे.” “मग दुसऱ्या बाजूला का नाही ठेवत?” यावर खोलीतले सगळे पुरुष हसले होते. खरं तर तोपर्यंत १९७७ साली ऑस्ट्रेलियात टीव्ही वाहिनीचा मालक केरी पॅकरने आपल्या बंडखोर क्रिकेटसाठी दोन्ही टोकांना कॅमेरे लावून टाकले होते. कारण अगदी आईने विचारलं तेच. बॅट्समनची पाठ कोण बघणार? पण हे आमच्या खोलीत कोणाला माहीत नव्हतं, आणि हसणं फुकट होतं.

बाबांची आणखी एक सवय होती. त्यानंतर चौथ्या वर्षी आमचा स्वतःचा टीव्ही आला, तेव्हापासून ते सामना सुरू झाला की टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायचे आणि शेजारी स्टुलावर ट्रान्झिस्टर ठेवून आकाशवाणी लावायचे. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री असली की मग तर विचारायलाच नको. चित्र सरकारचं एक खातं दाखवतंय, शब्द दुसरं खातं पुरवतंय, आणि बाबा दोन्हींची मोट बांधून तिसराच सामना बघतायत. आम्हाला वाटायचं, सगळीकडे असंच बघतात.

तर तो उभा राहणारा माणूस. मी त्याच्या मागे लागले. ऑफिसातून आल्यावर, भांडी घासता घासता कानात काहीबाही ऐकत, रात्री फोनवर जुन्या चित्रफिती बघत. बेसबॉलच्या बाबतीत तो पहिल्यांदा उभा राहिला १७ मे १९३९ ला, न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या पार उत्तर टोकाला बेकर फील्डवर. सामना प्रिन्स्टन आणि कोलंबिया या विद्यापीठांच्या पोरांचा. एनबीसीच्या प्रायोगिक केंद्राने, डब्ल्यू-टू-एक्स-बी-एसने, आपली गाडी तिथे नेली. कॅमेरा एकच. तिसऱ्या बेसच्या अंगाला एका फळ्यांच्या मचाणावर ठेवलेला. बिल स्टर्न बोलत होता. हा एकटा कॅमेरा पिचरकडून बॅटरकडे आणि बॅटरकडून चेंडूकडे सारखी मान फिरवत होता, लग्नात वाढप्याची वाट बघणाऱ्या माणसासारखी, आणि दर वेळी चेंडू निघून गेल्यावर पोचत होता. शहरात तेव्हा संच होते शे-चारशे, पडदा वहीचं पान उघडून धरावं एवढा, आणि त्यात खेळाडू पांढऱ्या माशांसारखे फिरताना दिसले, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रात आलं. चेंडू तर कोणालाच दिसला नाही. दहा इनिंग्जनंतर प्रिन्स्टन २-१ ने जिंकलं, हेही लोकांना बिल स्टर्नने सांगितलं म्हणून कळलं. थोडक्यात, चित्र होतं आणि सामना रेडिओच सांगत होता. बाबांना आवडलं असतं.

तीन महिन्यांनी, २६ ऑगस्टला, मोठ्यांच्या सामन्याची पाळी आली. ब्रुकलिनमधलं एबेट्स फील्ड, डॉजर्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स, एका तिकिटात दोन सामने. या वेळी कॅमेरे दोन: एक खाली तिसऱ्या बेसच्या बाजूला, एक वर होम प्लेटच्या मागे. समालोचक रेड बार्बर वरच्या मजल्यावर प्रेक्षकांमध्येच बसलेला, आणि त्याच्यापुढे पडदा नाही. लोकांना घरी काय दिसतंय हे ज्याने सांगायचं त्यालाच ते दिसत नव्हतं. कुठल्या कॅमेऱ्याचा दिवा लागलाय ते मान वळवून बघायचं, तो कुठे रोखलाय त्याचा अंदाज घ्यायचा आणि बोलायचं. मधे जाहिरातीही त्यानेच करायच्या. व्हीटीज या न्याहारीच्या गव्हाच्या पोह्यांची पाळी आली तेव्हा त्याने कॅमेऱ्यापुढे वाडग्यात ते ओतले, वरून केळं कापलं, दूध घातलं. मला हे चित्र फार आवडतं. ऑगस्टच्या घामात, आजूबाजूला तीस-एक हजार माणसं आरडाओरडा करतायत आणि हा माणूस गंभीरपणे शिकरण करतोय.

त्या काळच्या कॅमेऱ्यात आयकोनोस्कोप नावाची नळी असायची. तिला ऊन लागायचं, आणि नुसतं ऊन नाही, रणरणतं. ढग आला की चित्र विझायला लागायचं, दुपार कलली की पडद्यावर संध्याकाळ आधी व्हायची. आपल्याकडे पापड वाळवताना आकाशाकडे डोळे लावून बसतात ना, तसं अभियंते बसत असणार. युद्धानंतर इमेज ऑर्थिकॉन आली, ती कमी उजेडातही बघू शकायची, पण तिचेही नखरे. एकाच दृश्यावर फार वेळ टक लावली की ते चित्र तिच्या डोळ्यांत रुतून बसायचं आणि कॅमेरा दुसरीकडे वळवला तरी आधीचं भूत पडद्यावर तरंगत राहायचं. म्हणून कॅमेरामन काही घडत नसतानाही कॅमेरा किंचित हलवत राहायचे, झोळीतल्या मुलाला हलवावं तसे. शिवाय फार उजळ वस्तूभोवती काळी कड उमटायची. जुन्या फिती बघताना कडक उन्हातल्या पांढऱ्या सदऱ्याभोवती ती काळी सावली दिसते आणि वाटतं, कोणीतरी काजळ लावलंय, दृष्ट लागू नये म्हणून.

टीव्हीच्या कॅमेऱ्याला झूम तेव्हा नव्हतं. कॅमेऱ्याच्या तोंडाला एक चकती, तिच्यावर चार लेन्स, हातातला दांडा फिरवला की रिव्हॉल्व्हरच्या चकतीसारखी पुढची लेन्स समोर यायची. फिरवताना चित्राचा चुथडा होणार, म्हणून तेवढ्यात दिग्दर्शकाने दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारायची. व्हिएन्नाहून आलेल्या फ्रँक बॅक नावाच्या माणसाने १९४७ च्या सुमारास झूमार नावाची लेन्स आणली आणि मग पहिल्यांदा लांबचं जवळ सरकत येताना दिसायला लागलं. त्याच वर्षीची यँकीज आणि डॉजर्स यांच्यातली वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, टीव्हीवर दाखवलेली पहिली. ३९ लाख लोकांनी ती बघितल्याचा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक घरी नव्हे, दारूच्या गुत्त्यांत उभे होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीचंच हे भावंड. फक्त चपला काढायची पद्धत नसावी.

पण या सगळ्यांत मुख्य कॅमेरा अजून होम प्लेटच्या मागेच होता, उंचावर. म्हणजे बॅटरची पाठ. आई म्हणाली असती, इथेही तेच.

तो पाठीमागून पुढे कसा आला, याची गोष्ट मला सापडली तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि मी अंथरुणात ताडकन उठून बसले. कारण ती घडली होती आमच्या वाण्याच्या दुकानापासून मैलभरावर. शिकागोची डेव्हन अव्हेन्यू सगळ्या देशी लोकांना माहीत आहे. गांधी मार्ग अशी मानाची पाटी, पटेलांचं दुकान, साड्या, सोनं, हलाल मटण, कढीपत्त्याचा वास आणि गाडी लावायला जागा नाही. त्या रस्त्याने पश्चिमेला जात राहिलं की केडझी अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, कालव्याच्या अलीकडे, थिलन्स स्टेडियम आहे. पोरांचं छोटं मैदान. चेक वटवून देणाऱ्या थिलन्स कंपनीने बांधलं म्हणून ते नाव. सांगतात ते असं: १९५१ साली डब्ल्यूजीएन वाहिनीने तिथला लिटल लीगचा सामना दाखवायला घेतला. मैदान एवढंसं; एक कॅमेरा ठेवला सेंटर फील्डच्या पलीकडे. आणि तिथून बघितलं तर पिचरच्या खांद्यावरून बॅटर समोर, कॅचर समोर, चेंडू हातातून सुटतो, हवेत वाकतो, हातमोज्यात जातो, सगळं एका चौकटीत. ही कल्पना मग त्यांनी रिग्ली फील्डवर नेली. तिथे अंतर दुप्पट, म्हणून लेन्स लांब लागली. हळूहळू सगळ्यांनी उचललं. आज जगात कुठेही बेसबॉल लावा, तीच चौकट. डोळ्यांना ती इतकी स्वाभाविक वाटते, पण मुळात ती दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या मैदानाच्या मापाची आहे.

तिची एक वेगळीच भानगड झाली. कॅचर दोन मांड्यांच्या मधे बोटं नाचवून पिचरला सांगतो, कुठला चेंडू टाक. ती गुपितं फक्त पिचरला दिसावीत म्हणून तर तो तसा बसतो. आता ती घराघरांत दिसायला लागली. कुरकुर तेव्हापासून होती, पण कळस झाला २०१७ मध्ये. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघ याच सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याचं चित्र डगआउटजवळच्या, म्हणजे खेळाडू बसतात तिथल्या, पडद्यावर बघायचा, खूण ओळखायचा आणि पुढचा चेंडू कसा येणार हे आपल्या बॅटरला कळावं म्हणून कचऱ्याचा डबा बडवायचा. एवढं सगळं तंत्रज्ञान, आणि शेवटी डबा. २०२२ पासून पिचर-कॅचरना बटणं दाबून कानात निरोप द्यायची परवानगी आहे. आई हे ऐकून म्हणाली, “आमच्या शाळेतही तपासनीस आले की पहिल्या बाकावरची पेटी वाजवायची.”

हे सगळं कळल्यावर मी सामना बघायला बसले की माझं लक्ष चेंडूवर राहीना. चौकटीत काय नाही तेच दिसायला लागलं. या दृश्यात माणसं चार. पिचर, बॅटर, कॅचर, पंच. उरलेले सात क्षेत्ररक्षक जणू घरी गेलेत. बॅटला चेंडू लागला की चौकट तुटते, दुसरं चित्र येतं आणि तेव्हा कळतं, अरे, हे होते तर. मागच्या वर्षी आम्ही रिग्लीला वरच्या मजल्यावर बसलो होतो, होम प्लेटच्या मागे, १९३९ चा दुसरा कॅमेरा होता साधारण तसल्या जागेवर. चेंडू वळला की सरळ गेला काही कळत नव्हतं, मुलगा सारखा फोनमध्ये बघून सांगत होता. पण सगळं मैदान दिसत होतं, हिरवंगार, भिंतीवर वेल, आणि एक चेंडू टाकायच्या आधी सातही जणांनी एकाच वेळी किंचित गुडघे वाकवले ते दिसलं. वाऱ्याने शेत हलावं तसं. ते टीव्हीवर कधीच दाखवत नाहीत. आणि तरी मी घरी येऊन टीव्हीच लावला, आणि पिचरची पाठ दिसल्यावर हुश्श वाटलं. आता नीट दिसतंय.

उभ्या असलेल्या माणसांच्या गोष्टींतली मला सगळ्यात आवडलेली बॉस्टनची आहे. १९७५ ची वर्ल्ड सिरीज, सहावा सामना, बारावी इनिंग, मध्यरात्र उलटून गेलेली. फेनवे पार्कच्या ३७ फुटी हिरव्या भिंतीत धावफलक आहे, त्याच्या आत, भोकातून लेन्स बाहेर काढून लू जेरार्ड नावाचा कॅमेरामन उभा. कार्लटन फिस्कने चेंडू उंच मारला, हद्द दाखवणाऱ्या डावीकडच्या खांबाच्या दिशेने. रिवाज असा की कॅमेऱ्याने चेंडूमागे जायचं. जेरार्ड गेला नाही, कारण त्याच्याजवळ एक गलेलठ्ठ उंदीर आला होता आणि हलायची त्याची छाती झाली नाही. कॅमेरा फिस्कवरच राहिला. त्यामुळे जगाला दिसलं ते असं, की फिस्क पहिल्या बेसकडे उड्या मारत जातोय आणि दोन्ही हातांनी चेंडूला हवेत ढकलतोय, इकडे, इकडे, आत, आत. चेंडू खांबाला लागला, होम रन झाला. दिग्दर्शक हॅरी कॉइलच्या हाती एका उंदरामुळे असं काही लागलं, की त्यानंतर खेळाडूच्या चेहऱ्यावर थांबून राहायची चालच पडली. आज आपण प्रत्येक षटकारानंतर गोलंदाजाचा पडलेला चेहरा बघतो, बायकोचे मिटलेले डोळे बघतो, त्यामागे थोडासा तो उंदीर आहे. आईला हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा त्या माणसाची कीव केली. “बिचारा. म्हणजे खरंच कोणी तरी उभं असतं.”

मग एका शनिवारी डेव्हनला गेलो. ज्वारीचं पीठ, हिंग, आंब्याच्या रसाचे डबे, ओली हळद. आईला पटेलांकडे नेलं की दीड तास. सामान डिकीत टाकलं आणि मी तिला न सांगता गाडी पश्चिमेला काढली. थिलन्सवर पोरांचा सराव चालला होता. बारा-तेरा वर्षांची, अर्ध्या पोरांच्या टोप्या डोळ्यांवर आलेल्या. आम्ही बाहेरून वळसा घालून मैदानाच्या मागच्या अंगाला गेलो, सेंटर फील्डच्या पाठीशी. आईने जाळीत बोटं अडकवली आणि तोल सावरून उभी राहिली. मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. “हीच ती जागा,” मी म्हटलं. “तो इथे उभा होता.”

तिने काही बोलावं म्हणून मी थांबले. ती बघत राहिली. पिचर पोरगं हडकुळं होतं, हात मागे नेताना जीभ बाहेर काढत असावं असं त्याच्या मानेवरून वाटत होतं. आमच्या आणि त्याच्यामध्ये नुसतं गवत, एक पोरगा हातमोजा डोक्यावर घालून आमच्याकडेच बघत उभा. काही जवळ नव्हतं. लेन्स नव्हती. बॅटर ठिपक्यापेक्षा थोडा मोठा. पिचरने चेंडू टाकला, बॅट फिरली, आणि मग, बॅट फिरून झाल्यावर, ठक्.

“उशिरा येतो गं,” आई म्हणाली.

“काय?”

“आवाज. आधी हाणलं, मग वाजलं.” पुढचे चार-पाच चेंडू ती फक्त तेवढंच तपासत राहिली. बॅट फिरली की मान किंचित तिरकी करायची आणि वाट बघायची. मग सांगायला लागली. वाईला लहानपणी ती कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवर बसायची, तिची आई कपडे धूत असायची तोवर. पलीकडच्या काठाला बायका धुणं आपटायच्या. हात खाली आलेला दिसायचा, आवाज नाही. हात परत वर गेला की धप्. “मला वाटायचं, त्या बायका खोटं खोटं धुतायत आणि आवाज कोणी तरी दुसरीच करते. आईला विचारलं तर ती म्हणाली, नदी ओलांडून यायला त्याला वेळ लागतो. पाण्यातून चालत येतो म्हणाली.” जाळीतली बोटं सोडवून तिने पदर नीट केला. ऊन डोक्यावर आलं होतं, डिकीत कोथिंबीर होती. आम्ही निघालो.

रात्री सामना होता. आई आज स्वतःहून पडद्यासमोर बसली, गवार वगैरे काही न घेता. मुलाने आवाज चालू ठेवला होता. पहिलाच फटका बसला आणि आई माझ्याकडे वळली. “इथे लगेच वाजलं.”

“माइक तिकडे लावलेला असतो आई. होम प्लेटजवळ.”

“आणि बघणारा मागे, भिंतीपलीकडे?”

“हो.”

“म्हणजे डोळे एका ठिकाणी आणि कान दुसऱ्या ठिकाणी.” थोडा वेळ गेला. “तुझे बाबा तेच करायचे.”

मी उठले. तळघराच्या जिन्यात, चक्रीवादळाच्या दिवसांसाठी ठेवलेला बॅटरीचा छोटा रेडिओ आहे, तो आणला. मुलाला विचारून स्टेशन लावलं, टीव्हीचा आवाज बंद केला आणि रेडिओ आईच्या शेजारी उशीवर ठेवला. खरखर, दोन पुरुषांचं निवांत इंग्रजी बोलणं, मागे माणसांची गाज. गडबड अशी होती की हल्ली टीव्हीचं चित्र कुठून कुठून फिरून काही सेकंद उशिरा येतं आणि रेडिओ आधी पोचतो. मुलगा वैतागला. “मम्मा, धिस इज स्पॉइलर्स.” मी बंद करायला हात पुढे केला तर आईने तो बाजूला केला. रेडिओतली गाज एकदम फुगली, कोणी तरी ओरडलं. पडद्यावर पिचर अजून चेंडू हातमोज्यात घोळवत उभा होता, पाठमोरा, त्याला काहीच माहीत नव्हतं.

“थांब,” आई त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, “आता बघ हा टाकेल आणि तो हाणेल.”